सहल मुलीची, पावती मंडळाची?

प्रश्न: आमची मुलगी १७ वर्षांची, अमेरिकेतच जन्मलेली. येत्या उन्हाळ्यात मोरोक्कोत एका कुटुंबात राहून अरबी शिकायचं, तिथल्या मुलामुलींशी ओळख करून घ्यायची, असं तिनं ठरवलंय. निम्मा खर्च आम्ही उचलू शकतो. उरलेल्या पैशांसाठी तिला ऑनलाइन आवाहन करायचंय, ते मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायचंय आणि भारतातल्या काका-आत्यांनाही विचारायचंय. यांचं म्हणणं, "पोरीच्या फिरण्यासाठी लोकांपुढे हात पसरायचे? शोभतं का आपल्याला?" मंडळातल्या एका स्नेह्यांनी सुचवलं, पैसे मंडळाच्या खात्यात घ्या, म्हणजे देणाऱ्यांना करसवलतीची पावती मिळेल. मुलगी म्हणते, सोबत आजोबांच्या गावच्या शाळेसाठीही थोडे गोळा करू, म्हणजे लोक देतील. मी मधल्या मध्ये अडकले आहे. काय करावं?

उत्तर: सगळ्यात आधी त्या स्नेह्यांच्या सूचनेबद्दल. बाकी काही चुकलं तर फार तर चार लोक नाक मुरडतील. हे चुकलं तर मंडळ गोत्यात येईल. तुमचं मंडळ अमेरिकन करकायद्याच्या ५०१(सी)(३) कलमाखाली, म्हणजे सेवाभावी संस्था म्हणून, नोंदलेलं असेल, तर त्याला दिलेल्या देणगीवर वजावट मिळते, कारण तो पैसा सार्वजनिक कामासाठी असतो आणि कुठे खर्च करायचा हे मंडळ ठरवतं. "ही रक्कम अमक्यांच्या मुलीच्या प्रवासासाठी" असं सांगून दिलेले पैसे म्हणजे एका व्यक्तीला दिलेली भेट. मंडळाच्या खात्यातून फिरून आल्यानं तिची देणगी होत नाही, आणि त्यावर दिलेली पावती खोटी ठरते. कर्मचाऱ्याच्या देणगीइतकीच भर त्याची कंपनी घालते, त्या मॅचिंग रकमेचा विचारही याच कारणासाठी सोडून द्या. मंडळाला मुलांच्या प्रवासाला हातभार लावायचाच असेल, तर सगळ्या सभासदांच्या मुलांसाठी खुली शिष्यवृत्ती काढावी, निवड समितीत अर्जदारांच्या घरचं कोणी नसावं आणि तुमच्या मुलीनं इतरांसारखा रीतसर अर्ज करावा. या उन्हाळ्यापर्यंत ते जमायचं नाही, हे उघड आहे. पण सूचना कार्यकारिणीकडे जरूर द्या. पुढच्या मुलांना उपयोग होईल.

मंडळ बाजूला ठेवलं की कराचा प्रश्न सोपा होतो. बदल्यात काही न घेता कोणी मुलीला पैसे दिले, तर ते सर्वसाधारणपणे तिचं करपात्र उत्पन्न धरलं जात नाही, आणि देणाऱ्यालाही वजावट मिळत नाही. हे आवाहनात एका वाक्यात लिहून टाका. कोणी किती दिले आणि ते कशावर खर्च झाले, याच्या नोंदी मात्र ठेवा. ज्या प्लॅटफॉर्मवर, म्हणजे वेबसाइटवर, आवाहन कराल तिच्याकडून जमा रकमेची करखात्याला माहिती देणारा १०९९-के हा फॉर्म कधी आला, तर त्याच नोंदी कामी येतात.

आता शाळा. मुलीचा हेतू चांगला असेल, पण "म्हणजे लोक देतील" या तीन शब्दांवर मी अडखळले. शाळेचा आणि मोरोक्कोचा काही संबंध नाही. शाळा तिथे आवाहनाला वजन यावं म्हणून आणली आहे, आणि हे वाचणाऱ्याला कळतं. त्यात कायद्याचाही अडसर आहे. भारतातल्या संस्थेला परकीय देणगी घ्यायची असेल तर परकीय देणग्यांवर नियंत्रण ठेवणाऱ्या २०१० च्या एफसीआरए कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते, आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर ते पैसे स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या मुख्य शाखेतल्या ठरलेल्या खात्यातच यावे लागतात. भारतीय पासपोर्ट असलेल्या माणसानं आपल्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेली रक्कम यात येत नाही. पण अमेरिकन नागरिक, मग त्याच्याकडे भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं ओसीआय कार्ड का असेना, परकीयच धरला जातो. तुमच्या मंडळात दोन्ही प्रकारचे लोक असणार. दहा जणांचे पैसे एकत्र करून गावी पाठवले, तर अडचणीत येतील ते तिथले मुख्याध्यापक. शाळेला मदत करायची तर ती स्वतंत्रपणे, नोंदणी असलेल्या संस्थेमार्फत करा.

परदेशी जायला किंवा परदेशात पैसे मागणं आपल्याकडे नवं नाही. १८८३ च्या फेब्रुवारीत आनंदीबाई जोशी बंगालमधल्या सेरामपूर कॉलेजच्या सभागृहात उभ्या राहिल्या. वय तुमच्या मुलीएवढंच. आपण अमेरिकेला का जातो, इथे शिकायची सोय नाही का, एकटी का जाते, परत आल्यावर जातीबाहेर टाकलं तर काय, तिकडे काही बरंवाईट झालं तर काय, आजवर कुठल्या बाईनं केलं नाही ते मीच का करू, हे लोकांच्या मनातले प्रश्न त्यांनी स्वतःच मांडले आणि एकेकाचं उत्तर दिलं. ते भाषण छापून आल्यावर देशभरातून मदत येऊ लागली. त्यांनी लोकांची करुणा भाकली नाही, की जगाचं कल्याण करायला निघाले असा आव आणला नाही. मी शिकायला जाते आहे, आणि कारणं ही, एवढंच सांगितलं.

तीन वर्षांनी, १८८६ मध्ये, आनंदीबाईंच्या पदवीदान समारंभासाठी पंडिता रमाबाई अमेरिकेत आल्या आणि त्यांनीही गावोगाव भाषणं देऊन निधी उभा केला. तो होता विधवांच्या शिक्षणासाठी काढायच्या संस्थेसाठी, आणि रमाबाईंनी तो संस्थेच्याच रीतीनं उभा केला. १८८७ च्या अखेरीस बॉस्टनमध्ये रमाबाई असोसिएशन स्थापन झाली, दहा वर्षांच्या मदतीचं आश्वासन मिळालं आणि १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन सुरू झालं. दोघी एकाच काळातल्या, दोघींनी लोकांकडेच मागितलं. पण एकीनं स्वतःच्या शिक्षणासाठी, दुसरीनं कामासाठी, आणि कोणी एकाला दुसऱ्याचं नाव दिलं नाही. तुमच्या मुलीची वाट आनंदीबाईंची आहे, रमाबाईंची नव्हे. ते तिनं सरळ म्हणावं.

म्हणून तुमच्या यजमानांना मी म्हणेन, मागण्यात कमीपणा नाही. पण त्यांचं सगळंच म्हणणं मोडीत काढू नका. मंडळाच्या ग्रुपवर आवाहन पडलं की भीड नावाची गोष्ट कामाला लागते. नुकतंच आलेलं जोडपं, नोकरी गेल्यावर नव्या व्हिसाची वाट पाहणारा कोणी, आधीच चार वर्गण्या दिलेलं कुटुंब, यांनाही "आपलं नाव दिसलं नाही तर बरं दिसणार नाही" असं वाटतं. भिडेखातर आलेले पैसे नकोत. म्हणून ग्रुपवर एकदाच लिहा, आणि तेही ॲडमिनना विचारून. आठवणीचा संदेश नको, फोन नको, "आतापर्यंत यांनी दिले" अशी यादी तर मुळीच नको. प्लॅटफॉर्मवर देणाऱ्याला नाव झाकायची सोय असते, ती वापरा असं तुम्हीच सुचवा. ज्यांनी दिलं नाही त्यांच्याशी पुढच्या कार्यक्रमात नेहमीसारखंच बोलायचं, हे मुलीला आधी बजावून ठेवा.

काका-आत्यांना विचारू नका. भारतातली वडीलधारी माणसं पोरीला नाही म्हणणार नाहीत, आणि रुपयांचे डॉलर करताना त्यांना जे जड जातं ते तुमच्या कानावर येणार नाही. आत्यानं आपणहून काही दिलं तर आनंदानं घ्या.

लोकांकडे जाण्याआधी एक काम मात्र राहिलंय. असे पैसे देण्यासाठीच निघालेल्या योजना मुलीनं पाहिल्या आहेत का? पहिल्या महायुद्धातल्या रुग्णवाहिका स्वयंसेवकांतून उभी राहिलेली एएफएस ही संस्था १९४७ पासून शाळकरी मुलांची देवाणघेवाण करते आणि शिष्यवृत्त्याही देते. रोटरीच्या युवा देवाणघेवाणीत १५ ते १९ वयाची मुलं परक्या कुटुंबात राहतात. राहण्याजेवणाची व्यवस्था यजमान पाहतात, प्रवास, विमा आणि व्हिसा मात्र घरच्यांकडे. अर्ज जवळच्या रोटरी क्लबमार्फत जातो. अमेरिकन परराष्ट्र खात्याची एनएसएलआय-वाय ही पूर्ण शिष्यवृत्ती १५ ते १८ वयाच्या अमेरिकन नागरिकांसाठी आहे. २००६ पासूनच्या या योजनेत अरबी आहे, आणि अरबी शिकायला मुलं मोरोक्कोलाही गेली आहेत. चालू वर्षात अर्ज घेतले जाताहेत का, हे आधी पाहा. या उन्हाळ्याची मुदत टळली असेल, तर एक वर्ष थांबायचं का, हा प्रश्न तरी घरात निघू द्या. "अर्ज केला, मिळाली नाही" हे आवाहनात लिहिता आलं, तर वाचणाऱ्याचा अर्धा संशय तिथेच फिटतो.

प्लॅटफॉर्मचं थोडक्यात सांगते. खातं तुमच्या, म्हणजे सज्ञान माणसाच्या नावावर ठेवा. गोफंडमी अमेरिकेत प्रत्येक देणगीमागे २.९ टक्के आणि वर ३० सेंट कापून घेतं, म्हणजे पाच-पाच डॉलरच्या देणग्यांत कापणी जास्त. देणाऱ्याला प्लॅटफॉर्मसाठी वेगळी टिप विचारली जाते. ती ऐच्छिक असते, हे आवाहनात लिहा, कारण पुष्कळांना ते दिसत नाही. किकस्टार्टरच्या वाटेला जाऊ नका. तिथे काही तरी बनवून दाखवावं लागतं आणि ठरलेली रक्कम पूर्ण जमली नाही तर काहीच हातात पडत नाही.

आवाहन मुलीनं स्वतः लिहावं. "दोन संस्कृतींमधला दुवा", "शांतीदूत" असलं काही आलं की खोडा. त्याऐवजी तिनं कोणाकडे राहणार, रोज किती तास शिकणार, एकूण खर्च किती, त्यातला घरचा किती, तिच्या स्वतःच्या कमाईचा किती, हे सांगावं. हो, तिच्या कमाईचा वाटा हवाच, लहान का असेना. आणि ती जिथे जाते आहे तिथलं तिला काही ठाऊक आहे, हे दिसू द्या. मोरोक्कोत घरात बोलतात ती दारिजा पुस्तकी अरबीपेक्षा बरीच वेगळी आहे, आणि २०११ च्या राज्यघटनेपासून अमाझिग हीसुद्धा तिथली राजभाषा आहे. घरात एक भाषा, शाळेत दुसरी, हे तुमच्या मुलीइतकं कोणाला कळणार? मीच का जावं, याचं तिच्याकडचं खरं उत्तर कदाचित इथेच आहे.

एका गोष्टीची मात्र मला जास्त काळजी वाटते, आणि तिचा पैशाशी थेट संबंध नाही. लोकांकडून पैसे घेतले की त्यांना काही तरी दाखवावंसं वाटतं. मग दर आठवड्याला फोटो, यजमानीणबाई स्वयंपाकघरात, त्यांची धाकटी मुलं, त्यांचा नमाज. ज्यांच्या घरी पाहुणी म्हणून गेलो, त्यांचा संसार देणाऱ्यांसमोर मांडलेलं प्रदर्शन होऊन बसतो, आणि मुलगीही माणसांशी बोलण्याऐवजी पोस्टसाठी प्रसंग शोधू लागते. तिथल्या मुलामुलींशी ओळख करून घ्यायची म्हणते ना, ती ओळख इथेच संपते. म्हणून आधीच कमी कबूल करा. घरातल्या माणसांचे फोटो टाकणार नाही, असं आवाहनातच लिहा. परत आल्यावर एक संध्याकाळ, ज्याला यायचं त्यानं यावं, प्रश्न विचारावेत, आणि खर्चाचा हिशेब एका पानावर. दिल्याच्या बदल्यात वस्तू, भेटी, शिकवणी असं काही जाहीर करू नका. मग ती भेट राहत नाही आणि कराचं गणितही बदलतं. उलट, उद्या त्या कुटुंबातल्या मुलाला अमेरिकेत यायचं झालं तर तुमच्या घरी खोली आहे का, याचा विचार करून ठेवा.

जमलेली रक्कम कमी पडली तर काय, हे आवाहन टाकण्याआधी ठरवा आणि त्यातच लिहा: उरलेला खर्च तुम्ही भराल, की मुक्काम लहान कराल, की बेत रद्द करून ज्याचे त्याला परत द्याल. परत द्यायचे असतील तर प्लॅटफॉर्मवरूनच द्या, आणि तोवर ते पैसे बँक खात्यात काढून घेऊ नका. विमानाचं तिकीट हे सगळं ठरल्यावरच काढा, आणि ते रद्द करता येण्याजोगं असू द्या.