बिल्डर म्हणतो, ओसीसाठी फ्लॅटमागे दीड लाख द्या. द्यावेत का?

प्रश्न: ठाणे जिल्ह्यात महापालिका हद्दीत आमची सात मजली, २८ फ्लॅटची इमारत आहे. २०१३ साली ताबा मिळाला, सोसायटीही नोंदली गेली, पण भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे इमारत राहायला योग्य असल्याचा पालिकेचा दाखला (ओसी), अजून नाही. पाणीपट्टी जादा दराने येते, उन्हाळ्यात टँकर वेगळा. मला फ्लॅट विकायचा आहे, पण गिऱ्हाइकाला बँकेने ओसीअभावी कर्ज नाकारलं. आता बिल्डर म्हणतो, फ्लॅटमागे दीड लाख रोख द्या आणि ‘आमची काही तक्रार नाही’ या कागदावर सह्या करा, ओसी आणून देतो. सातवा मजला बेकायदा असल्याची कुजबुज आहे. काही सभासद म्हणतात, बारा वर्षं उलटली, आता कोर्ट दारात उभं करणार नाही. मी सोसायटीची खजिनदार आहे. रविवारी सभा आहे. काय करावं?

उत्तर: ताई, आधी रविवारचं सांगते. पैसे देऊ नका आणि त्या कागदावर सही तर मुळीच करू नका. बिल्डरला पैशांपेक्षा त्या सह्यांची जास्त गरज आहे.

तुमचा करारनामा १९६३ च्या मोफा, म्हणजे महाराष्ट्र फ्लॅट मालकी कायद्याखालचा आहे. त्या कायद्याच्या कलम ३ नुसार पूर्णत्वाचा, म्हणजे इमारत पूर्ण झाल्याचा पालिकेचा दाखला मिळाल्याशिवाय बिल्डरने कुणालाही ताबा देता कामा नये. तेच कलम घेणाऱ्यालाही सांगतं की दाखल्याशिवाय ताबा घेऊ नये. बिल्डरचा वकील यावर बोट ठेवणार, म्हणून आत्ताच सांगून ठेवते.

तुम्ही पाठवलेलं ताबापत्र मी दोनदा वाचलं. वर ‘फर्निचरच्या कामासाठी ताबा’ असं लिहिलंय आणि खाली बारीक अक्षरात ‘ओसीला उशीर झाल्यास घेणाऱ्याची हरकत राहणार नाही’. असली पत्रं मी शेकड्याने पाहिली आहेत. एकीकडे घरभाडं, दुसरीकडे कर्जाचा हप्ता, अशा कात्रीत सापडलेला माणूस किल्ली हातात पडतेय म्हटल्यावर कशावरही सही करतो. ते पत्र जपून ठेवा. कायद्याने बिल्डरवर टाकलेलं कर्तव्य अशा एका ओळीने पुसलं जात नाही. उलट, ओसी नाही हे माहीत असून त्याने किल्ल्या वाटल्या याची ती त्याच्याच लेटरहेडवरची कबुली आहे.

आता मुदतीचं. ग्राहक आयोगात तक्रारीला दोन वर्षांची मुदत असते, म्हणून सभासदांना वाटतं की गाडी गेली. पण सर्वोच्च न्यायालयाने ११ जानेवारी २०२२ ला मुंबईच्या समृद्धी सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात नेमक्या याच मुद्द्यावर निकाल दिला आहे. तिथल्या लोकांना १९९७ मध्ये ताबा मिळाला होता. ओसी नसल्यामुळे ते मालमत्ता कर २५ टक्के आणि पाणीपट्टी ५० टक्के जादा भरत होते. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने तक्रार मुदतबाह्य ठरवली होती. सर्वोच्च न्यायालयाने ते फिरवलं: ओसी न देणं ही सेवेतली त्रुटी आहे आणि ओसी मिळेपर्यंत ती रोज घडत राहते, त्यामुळे मुदत संपत नाही. तेव्हा ताबा मिळाल्यापासूनचं प्रत्येक पाणीबिल, कराची पावती आणि टँकरवाल्याची चिठ्ठी एका फाइलीत लावा. नुकसानभरपाईचा दावा त्या फाइलीवर उभा राहील.

पण दाव्याआधी ओसी का अडली ते कळलं पाहिजे. बिल्डर सांगतो ते कारण धरून चालू नका. महापालिकेच्या नगररचना विभागाकडे १० रुपये भरून माहिती अधिकारात अर्ज करा. बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र, शेवटचा मंजूर नकाशा, आर्किटेक्टने पूर्णत्वाचा अर्ज केला असल्यास त्याची प्रत आणि पालिकेने त्यावर काढलेल्या त्रुटी मागा. ३० दिवसांत उत्तर यायला हवं.

नकाशा हाती आला की टेप घेऊन इमारतीभोवती फिरा. एका सोसायटीबरोबर मी अशी फिरले आहे. नकाशात मागच्या बाजूला सहा मीटर मोकळी जागा होती, टेप साडेचारलाच थांबला. बांधकाम चालू असताना सिमेंटच्या गोण्या ठेवायला पत्र्याची खोली उठवली होती, पुढे तिला विटांच्या भिंती आल्या आणि मग तिथे वॉचमनचं बिऱ्हाड. अग्निशमन दलाची गाडी मागे वळू शकत नव्हती म्हणून त्यांचा दाखला नव्हता, आणि तो नव्हता म्हणून ओसी नव्हती. नऊ वर्षं लोक समजत होते की साहेबांना पैसे पोचले नाहीत म्हणून फाइल अडलीय. वॉचमनची दुसरीकडे सोय करून ती खोली पाडली, तेव्हा फाइल हलली.

तुमच्याकडेही असं किरकोळ काही निघालं तर महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना (एमआरटीपी) कायदा, १९६६ खाली परवानगी मागून ते नियमित करून घेता येतं. त्याचं शुल्क पालिकेत चलनाने भरायचं असतं, रोखीने कुणाच्या हातात नाही. शुल्काचा बोजा बिल्डरचाच. पण तो हललाच नाही आणि सोसायटीला भरावं लागलं, तर सर्वसाधारण सभेत ‘हक्क अबाधित ठेवून’ असा ठराव करा, थेट पालिकेला भरा आणि ती रक्कम दाव्यात वसुलीला घाला.

सातव्या मजल्याचं मात्र किरकोळ नाही. मालमत्ता कराच्या बिलात ‘शास्ती’, म्हणजे बेकायदा बांधकामाचा दंड, असा रकाना भरलेला आहे का पाहा. असेल तर पालिकेच्या लेखी बांधकाम बेकायदा आहे, आणि शास्ती भरल्याने ते कायदेशीर होत नाही. मुंबई सोडून बहुतेक महाराष्ट्राला २०२० च्या अखेरीस एकत्रित विकास नियमावली लागू झाली. तिच्यातल्या प्रीमियम एफएसआय (शुल्क भरून मिळणारं जादा बांधकाम) किंवा टीडीआरमध्ये (दुसऱ्या जागेचा विकत घेतलेला बांधकाम हक्क) हा मजला बसतो का, ते तटस्थ आर्किटेक्टकडून लेखी घ्या. बिल्डरच्या आर्किटेक्टचा शब्द चालणार नाही.

नाही बसला, तर धोका खरा आहे. मुंबईत वरळीच्या कॅम्पा कोला वसाहतीत पाच मजल्यांच्या परवानगीवर मजले चढवले गेले. फेब्रुवारी २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते नियमित करायला नकार दिला आणि जून २०१४ मध्ये पालिकेने त्या वरच्या घरांचं पाणी, वीज, गॅस तोडलं. मात्र पाडकाम उद्याच्या उद्या होत नाही. १३ नोव्हेंबर २०२४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशांप्रमाणे किमान १५ दिवसांची नोटीस आणि सुनावणी द्यावी लागते. रस्ता, फुटपाथ अशा सार्वजनिक जागेवरचं, रेल्वेमार्गाला, नदीला किंवा जलाशयाला लागून असलेलं बेकायदा बांधकाम आणि कोर्टानेच पाडायला सांगितलेलं बांधकाम हे अपवाद आहेत.

रविवारी कुणीतरी म्हणेल की सातव्या मजल्याला सोडा, आपण सहा मजल्यांपुरती ओसी घेऊ. भागशः ओसी कायद्यात आहे, त्यासाठी अर्ज जरूर करा. पण वरच्या चार कुटुंबांना वाऱ्यावर सोडून हा सौदा करू नका. त्यांनीही तुमच्यासारखंच कर्ज काढून, मुद्रांक शुल्क भरून घर घेतलं आहे, आणि फसवणूक सगळ्यात जास्त त्यांची झाली आहे. त्यांना तुमच्याच तक्रारीत घ्या. घर गेलं तर व्याजासह पैसे परत मागण्याचा हक्क त्यांचा आहे, आणि २८ घरं एका कागदावर आली की बिल्डरचा आवाज बदलतो. ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ३५ मध्ये अशी एकत्रित तक्रार करता येते.

महारेराचा, म्हणजे गृहप्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाचा, दरवाजाही बघून ठेवा. १ मे २०१७ ला पूर्णत्वाचा दाखला नसलेला प्रकल्प रेरा कायद्याने ‘चालू’ धरला गेला आणि तीन महिन्यांत नोंदवणं बंधनकारक झालं. तुमचा नोंदवला आहे का, ते महारेराच्या संकेतस्थळावर पाहा. तरी मी ग्राहक आयोगच निवडेन, कारण तुमचं मुख्य दुखणं जादा बिलांचं आणि भरपाईचं आहे. शिवाय मानीव अभिहस्तांतरणाचा, म्हणजे बिल्डरच्या सहीशिवाय जमीन-इमारत सोसायटीच्या नावावर करून घेण्याचा अर्जही जिल्हा उपनिबंधकांकडे टाका. त्याला ओसी नसणं आड येत नाही, आणि जमीन सोसायटीच्या नावावर आली की पालिकेपुढे तुम्ही मालक म्हणून उभे राहता.

राहिला तुमचा फ्लॅट. विक्रीला बंदी नाही, पण ओसी नाही हे करारात स्पष्ट लिहा. मालमत्तेतला दोष लपवला तर मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम ५५ तुमच्यावरच उलटेल. बँक बदलूनही फार फायदा नाही. दाखला तपासूनच कर्ज द्या असं सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये बँकांना बजावलं आहे. गिऱ्हाइकाकडून विसार घेतला असेल तर तो खर्च करू नका, परत द्यावा लागू शकतो. आणि कर्ज नाकारल्याचं बँकेचं पत्र त्याच्याकडून आजच मागून घ्या. ओसी नसल्याने तुमचं नुकसान झालं, याचा तारखेसकट पुरावा तोच आहे.