वगळलेले अध्याय

पाळकीय समुपदेशनात मला वारंवार ऐकू येणारी एक चिंता अशी आहे : शास्त्रातले, म्हणजे बायबलमधले, कठोर आणि अवघड भाग मंडळीपुढे उघडले तर आधीच दुखावलेली माणसे आणखी दुखावतील, काही जण येणेच बंद करतील; आणि नाही उघडले तर देवापुढे मी काय उत्तर देऊ? ही चिंता घेऊन येणारे बहुतेक जण प्रामाणिक असतात, म्हणूनच ते दोन्ही बाजूंनी पिचतात. त्यांच्यापैकी एकाची हकिकत, त्यांच्या परवानगीने आणि ओळख पटेल असे सर्व तपशील बदलून, इथे देत आहे.

हे बंधू आठ वर्षे एका मंडळीचे पाळक होते. पहिल्या भेटीत त्यांनी तक्रार सांगितली ती झोपेची. शनिवारी रात्री उपदेश लिहून झाल्यावर ते अंथरुणावर पडत आणि पहाटेपर्यंत जागे राहत, कारण शिक्षकांचा न्याय अधिक कडक होईल हे याकोबाच्या तिसऱ्या अध्यायातले वचन त्यांच्या मनातून जात नसे. "मी खोटे काही शिकवत नाही," ते म्हणाले, "पण खरे तेवढे सगळे सांगतो का, हे मला कळत नाही."

पुढच्या भेटीला व्यासपीठावर वापरता ते बायबल आणि उपदेशाच्या वह्या घेऊन या, असे मी त्यांना सांगितले. आम्ही अनुक्रमणिकेचे पान उघडले आणि ज्या पुस्तकातून त्यांनी निदान एकदा पूर्ण उपदेश केला होता त्याच्यापुढे पेन्सिलीने खूण करत गेलो. ६६ पुस्तकांपैकी २३ नावांपुढे खुणा झाल्या. स्तोत्रसंहितेची आणि फिलिप्पैकरांस पत्राची पाने हाताळून मऊ झाली होती. विलापगीतापासून पुढे मात्र पानांच्या सोनेरी कडा ठिकठिकाणी एकमेकींना चिकटलेल्याच होत्या, आणि नहूम उघडताना बारीक चर्र असा आवाज झाला. तो आवाज आम्हा दोघांनाही ऐकू आला. ते बराच वेळ बोलले नाहीत.

मग त्यांनी आपली बाजू मांडली. लोक आठवडाभर थकून, अपमान गिळून, आजारपण सोसून उपासनेला येतात. त्यांना दिलासा द्यायचा की न्यायदंडाची भाषा ऐकवायची? हा प्रश्न मला कधीच पोकळ वाटलेला नाही. ज्या शिक्षकाला तो पडतच नाही त्याच्या हाती कठोर अध्याय देताना मला अधिक भीती वाटते.

उत्तरादाखल आम्ही प्रेषितांच्या कृत्यांचा विसावा अध्याय सावकाश वाचला. प्रेषित पौल इफिसच्या मंडळीच्या वडीलजनांना मिलेत येथे बोलावून निरोप घेतो आणि म्हणतो की देवाचा संपूर्ण मनोदय सांगण्यात त्याने कसूर केली नाही, म्हणून तो सर्वांच्या रक्ताविषयी निर्दोष आहे. यहेज्केलाच्या तेहतिसाव्या अध्यायातला पहारेकरी या शब्दांमागे उभा आहे : तलवार येताना पाहूनही जो शिंग फुंकत नाही, त्याच्याकडून रक्ताचा जाब मागितला जातो. पौलाच्या भाषणातले रक्ताविषयीचे एवढेच वचन या बंधूंना पाठ होते आणि त्यानेही त्यांची झोप उडवली होती. त्याच भाषणातल्या इतर गोष्टी त्यांच्या नजरेतून निसटल्या होत्या. पौलाने हे काम तीन वर्षे केले, चारचौघांत केले तसे घरोघरी जाऊन केले, आणि अश्रू गाळीत केले. 'संपूर्ण' म्हणजे एका रविवारी सगळे, असा अर्थ तिथे नाही. आणि ज्यांनी हे सगळे ऐकून घेतले होते ते शेवटी पौलाच्या गळ्यात पडून रडले. लोक सोडून जातील या भीतीपुढे मला हे दृश्य ठेवावेसे वाटले.

यिर्मयाच्या छत्तिसाव्या अध्यायाकडे त्यांना न्यावे की नाही, याचा मी थोडा विचार केला, कारण अपराधीपणाने पोळलेल्या माणसावर आणखी निखारे टाकायचे नसतात. तरी आम्ही तो वाचला. नववा महिना, राजा यहोयाकीम हिवाळ्याच्या महालात बसलेला, पुढ्यात शेगडी पेटलेली. यिर्मयाच्या वचनांच्या गुंडाळीचे तीन-चार रकाने वाचून होताच राजा लेखकाच्या चाकूने तेवढा भाग कापून शेगडीत टाकतो, आणि असे करता करता सगळी गुंडाळी जळून जाते. ती वचने त्यामुळे संपली नाहीत; यिर्मयाने सांगितली आणि त्याचा लेखक बारूख याने पुन्हा लिहिली, वर आणखी भर पडली. "माझ्या हातात चाकू नव्हता," ते हळूच म्हणाले, "मी फक्त पाने उलटून पुढे जात होतो."

तिसऱ्या भेटीत मी विचारले की सर्वांत आधी कोणते भाग टाळावेसे वाटतात. क्रोधाचे आणि न्यायाचे अध्याय ते सांगतील अशी माझी अटकळ होती. त्यांनी सांगितली विलापाची स्तोत्रे. ते लहान असताना त्यांचा थोरला भाऊ वारला होता, आणि दफनविधीनंतर मंडळीतल्या वडीलधाऱ्यांनी त्यांच्या आईला बजावले होते की तो प्रभूजवळ गेला आहे, तेव्हा रडणे म्हणजे अविश्वास. आईने त्या दिवसापासून डोळे पुसले ते पुसलेच. व्यासपीठावर स्तोत्र ८८ वाचले तर आपला आवाज फुटेल, ही त्यांची खरी भीती होती. मंडळी दुखावेल, ही तिच्यावर पांघरलेली चादर होती.

स्तोत्र ८८ त्यांनी माझ्यासमोर मोठ्याने वाचले. त्यात अठरा वचने आहेत आणि शेवट अंधारावर होतो. इतर विलापस्तोत्रे बहुधा भरवशाकडे वळतात, तसे हे वळत नाही. देवाने हे स्तोत्र आपल्या वचनात राहू दिले आहे. शिक्षकाने ते गाळले, तर ज्याच्या घरात अजून उजाडलेले नाही त्याच्या प्रार्थनेचे शब्द तो काढून घेतो. माझ्या मते कठोर अध्याय वगळल्याने होणाऱ्या नुकसानाइतकेच हे नुकसान मोठे आहे, आणि त्याची चर्चा फार कमी होते.

दुसऱ्या टोकाचा धोकाही मी त्यांना सांगितला. केवळ दंडाज्ञाच गर्जून सांगणारा उपदेशकही शास्त्र कापतच असतो. शिवाय काही अध्यायांना हात लावताना तयारी लागते. २ शमुवेल १३ मध्ये तामारेवर तिचा सावत्रभाऊ अत्याचार करतो, सख्खा भाऊ अबशालोम तिला गप्प राहायला सांगतो, आणि दावीद राजा संतापतो पण काहीच करत नाही. हा अध्याय शिकवावाच, कारण आपली मंडळी याच तीन पुरुषांसारखी वागण्याची शक्यता असते. मात्र विषय आधीच्या रविवारी जाहीर करावा, ज्याला त्या दिवशी बसवणार नाही त्याला मोकळीक द्यावी, आणि उपासनेनंतर ऐकून घेणारी विश्वासू स्त्री उपलब्ध असावी. शिक्षकाला ही काळजी घेता येत नसेल, तर त्याने ती शिकून मग तो अध्याय उघडावा.

पद्धत म्हणून मी त्यांना सलग उपदेशाची वाट सुचवली. १ जानेवारी १५१९ रोजी झुरिकमध्ये धर्मसुधारक झ्विंग्लीने नेमून दिलेले उतारे बाजूला ठेवून मत्तयाचे शुभवर्तमान क्रमाने शिकवायला घेतले. दुसरा धर्मसुधारक कॅल्व्हिन याला १५३८ मध्ये जिनीव्हातून घालवून देण्यात आले. १५४१ च्या सप्टेंबरात परतल्यावर त्याने तक्रारीचा एक शब्द न काढता, जिथे थांबला होता तिथून पुढचे वचन घेतले. या क्रमाचा मानसिक आधार मोठा असतो. उतारा आपण निवडलेला नसतो, त्यामुळे ऐकणाऱ्याला 'हे मलाच उद्देशून' असे वाटत नाही आणि सांगणाऱ्याला आवडता कोपरा गाठून लपता येत नाही.

त्यांनी हबक्कूक निवडले : तीन अध्याय, ५६ वचने, सुरुवात 'किती काळ' या आक्रोशाने आणि शेवट अंजिराला फूल नसतानाही केलेल्या स्तुतीने. पाच रविवार लागले. एका कुटुंबाने येणे थांबवले, हे त्यांना लागले आणि अजूनही लागते. त्यावर मी त्यांना कोणतीही मलमपट्टी देऊ केली नाही. त्यानंतर त्यांनी स्तोत्र ८८ घेतले, आणि नवव्या वचनापाशी त्यांचा आवाज खरोखरच फुटला. ते थांबले, पाणी प्याले, पुढे वाचू लागले.

उपासना संपल्यावर नेहमी शेवटच्या बाकावर बसणाऱ्या एक वयस्कर भगिनी त्यांच्याजवळ आल्या. त्यांचे मूल गेल्याला कितीतरी वर्षे झाली होती आणि पाळकांना ते ठाऊकही नव्हते. "हे शास्त्रात आहे, हे मला कोणी सांगितलेच नव्हते," असे म्हणून त्यांनी आपले बायबल पुढे केले आणि त्या पानावर खूण करून द्यायला सांगितली.