मे महिन्यात उघडलेले फ्रेमचे कोपरे

भाऊ, तुम्ही लिहिलंय की पावसाळ्यात घरी सागाच्या आठ फ्रेमा केल्या, तेव्हा कोपरे घट्ट होते, आता मे महिन्यात चारही कोपरे आतून उघडले आणि तीनदा गोंद बदलूनही फरक नाही. वाचताना मला माझ्याच बारा फ्रेमा दिसल्या. एका शाळेसाठी केल्या होत्या. साने गुरुजींच्या फोटोच्या फ्रेमला एवढी फट, की पोस्टकार्ड आरपार जावं.

गुण्या, करवत, काचेची खाच यावर बोलत नाही, ते तुम्हाला येतंच. गोंदाचा नाद सोडा. लाकूड वाळलं की पट्टी रुंदीत आकसते, लांबीत जवळजवळ नाही, म्हणून कोपऱ्याचा पंचेचाळीस अंशांचा काप पंचेचाळीसचा राहत नाही. दोन इंची पट्टी दीड मिलिमीटर आकसली, तरी आतल्या टोकाला दोन मिलिमीटर फट पडते. कापात चूक असती तर जोडतानाच दिसली असती: अर्ध्या अंशाची चूक एका फ्रेमच्या आठ कापांत चार अंश होते आणि शेवटचा कोपरा बसतच नाही.

माझी चूक झाली ती वखारीत. जुलैत गेलो. वखारवाला म्हणाला, "एकदम कोल्लं शे भाऊ." वरून कोरडंच होतं. घरी रंधा मारला तर सालपं कुरकुरीत निघेनात, ओल्या कागदासारखी बोटाला गुंडाळत होती, आतलं लाकूड हाताला गार लागत होतं. मला तिथेच कळलं होतं. पण पंधरा ऑगस्टला फ्रेमा द्यायच्या होत्या, म्हणून तसाच पुढे गेलो. मे महिन्यात उघडलेला कोपरा घेऊन वखारीत गेलो, तर म्हणे तुमचाच गोंद हलका. पावतीवर फक्त घनफूट आणि रक्कम. शाळेने वर्गणी काढून पैसे दिले होते, त्याचं आजही वाईट वाटतं. ओलं लाकूड वाळलेलं म्हणून विकणं ही फसवणूकच आहे, मग कोणी काही म्हणो.

आता मी पट्ट्या दोन सूत, म्हणजे पाव इंच, जास्त रुंद फाडून आणतो, टोकांना रंगाचा हात देतो, मध्ये चिपा ठेवून सावलीत रचतो. उन्हात नका ठेवू, आपल्याकडच्या पंचेचाळीस डिग्रीत तडे जातात. एका पट्टीवर खूण करून दर रविवारी स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करतो. लागोपाठ तीन रविवार वजन तेच आलं की मगच रंधा. मी पेशाने सुतार नाही, हा माझ्या अमळनेरच्या पत्र्याच्या शेडमधला अनुभव आहे. कोकणातल्या हवेत हिशेब वेगळा असेल.

कापलेलं टोक गोंद पिऊन टाकतं, म्हणून आधी पातळ हात द्या, दहा मिनिटांनी दुसरा. कोपरे आवळायला शिकंजा नसेल तर सुतळीचे चार वेढे आणि पीळ द्यायला पेन्सिल पुरते. आणि फ्रेम भिंतीला चिकटून टांगू नका, मागे बुचाचे दोन तुकडे लावा, नाहीतर पावसाळ्यात फोटोला बुरशी येते.

तुमच्या आठ फ्रेमांच्या फटीत आत्ता पुट्टी मात्र भरू नका. ऑगस्टमध्ये पट्टी फुगली की तीच पुट्टी पाचरीसारखी कोपरा बाहेरून उघडते. माझ्या दोन फ्रेमा अशाच गेल्या. उरलेल्या दहा मी सोडवल्या, नव्याने कापल्या, प्रत्येक कोपऱ्यात बाहेरून करवतीची खाच मारून सागाची पातळ चीप चिकटवली. प्रत्येक फ्रेम अर्धा इंच लहान झाली, काचाही कापून घ्याव्या लागल्या.