वाचकांचे प्रश्न: पावसाळ्यातलं रिसॉर्ट, फसलेली सुट्टी आणि परताव्याचा हक्क

प्रश्न : जुलैमध्ये आई-वडील आणि दोन लहान मुलांना घेऊन मालवणजवळच्या एका समुद्रकाठच्या रिसॉर्टवर राहिलो. वेबसाइटवर ‘सी-व्ह्यू एसी रूम, स्विमिंग पूल, सिंधुदुर्ग किल्ल्यापर्यंत बोट, रोज ताजी मासळी, 24 तास वीज’ असं सगळं लिहिलेलं होतं. प्रत्यक्षात खोलीला कुबट वास, गाद्या दमट. रात्री वीज गेली की एसी बंद. पूलचं पाणी हिरवट म्हणून कुलूप, आणि बोट तर नाहीच. मॅनेजर म्हणाले, ‘पावसाळ्यात असंच असतं, म्हणून तर डिस्काउंट दिलाय.’ पैसे परत मागता येतील का?
*(एक वाचक, ठाणे)*

उत्तर : मागता येतील, पण सगळे नाहीत. पावसाने जे बिघडवलं त्याचे पैसे मिळत नाहीत. रिसॉर्टने जे कबूल करून दिलं नाही, किंवा माहीत असून सांगितलं नाही, त्याचे मिळतात. तक्रारीत ही दोन्ही एकत्र मिसळली की समोरच्याला ‘पाऊस आमच्या हातात नाही’ म्हणून सुटता येतं. म्हणून एकेक बाब सुटी करून बघा.

बोट. कोकण किनाऱ्यावरची प्रवासी जलवाहतूक आणि स्कूबासारखे जलक्रीडा प्रकार मे अखेरपासून ऑगस्ट अखेरपर्यंत बंद असतात. हे दरवर्षी होतं आणि किनाऱ्यावरच्या प्रत्येक व्यावसायिकाला ठाऊक असतं. म्हणजे जुलैच्या पॅकेजात ‘किल्ल्यापर्यंत बोट’ लिहिणं ही दिशाभूल करणारी जाहिरात झाली. तुमची सर्वांत भक्कम बाब हीच.

मासळी. पश्चिम किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद असते. त्या काळात ताटातली सुरमई बहुधा शीतगृहातली किंवा बर्फात घालून पूर्व किनाऱ्यावरून आलेली असते, कारण तिकडची बंदी 14 जूनला संपते. अशी मासळी खायला वाईट नसते, फक्त तिला ‘ताजी’ म्हणू नये. मात्र एवढ्यावरून पैसे मागायला गेलात तर हाती फार लागणार नाही. तक्रारीत उल्लेख करा, भर देऊ नका.

वीज. किनाऱ्यावरच्या तारा माडा-आंब्यांतून जातात, वाऱ्यात फांदी पडली की पुरवठा तासन्‌तास जातो. त्यात रिसॉर्टचा दोष नाही. पण दीड टनाचा एक एसी साधारण दीड किलोवॅट ओढतो. दहा खोल्यांचे 15 किलोवॅट, वर पाण्याचा पंप आणि स्वयंपाकघर. लहान रिसॉर्टचा जनरेटर बहुतेक वेळा दिवे, पंखे आणि पंपापुरताच असतो. तसं असेल तर ‘24 तास वीज’ लिहून एसी खोलीचा दर घेणं चूक आहे. त्या रात्रींसाठी एसी आणि बिगर-एसी दरातला फरक मागा.

दमट खोली. इथे थोडं खोलात जायला हवं, कारण ‘पावसाळ्यात असंच असतं’ हे निम्मंच खरं आहे. जुलैमध्ये किनाऱ्यावर हवेतली आर्द्रता सहज 85 ते 90 टक्क्यांवर असते. पाऊस आणि वारा नैर्ऋत्येकडून येतो, म्हणून जास्त पैसे मोजून घेतलेली समुद्राकडच्या तोंडाची खोलीच सर्वांत जास्त भिजते. तळमजल्यावर जमिनीतली ओल भिंतीत चढते, आणि खालचा फूटभर रंग फुगून पोपडे सुटतात. एसी हवेतलं पाणी काढतो, पण त्याचा फिल्टर तुंबलेला असेल किंवा पाणी बाहेर नेणारी नळी चोंदली असेल तर खोली गार होते, कोरडी होत नाही. एसी चालू ठेवून दार-खिडकी उघडी राहिली तर दमट हवा गार फरशी-चादरींवर बसते आणि अंथरूण चिकट लागतं. आधीच्या पाहुण्यांनंतर खोली बंद करून ठेवली, गाद्या उन्हात किंवा हीटरवर सुकवल्या नाहीत, की बुरशी धरते. आर्द्रता निसर्गाची आहे. तुंबलेला फिल्टर, गळती आणि बुरशी ही देखभालीतली हयगय आहे.

पूल. जोराच्या पावसाने पाण्यातलं क्लोरिन पातळ होतं आणि शेवाळ धरतं, म्हणून पावसाळ्यात दिवसातून अनेकदा तपासणी लागते. मोकळं क्लोरिन 1 ते 3 पीपीएम (दहा लाख भागांत 1 ते 3 भाग) आणि पीएच, म्हणजे पाण्याच्या आम्लतेचं माप, 7.2 ते 7.8 असायला हवं. हिरवट पाण्याचा पूल बंद ठेवला हे योग्यच केलं. तो सुरू असता तर मुलांना त्यात सोडू नका असंच आम्ही सांगितलं असतं. पण पॅकेजातली सोय मिळाली नाही हे खरं आहे, त्यापोटी थोडी रक्कम मागता येते.

आता पुरावा. वेबसाइटचं पान बदलायच्या आत तारखेसह स्क्रीनशॉट काढा. बुकिंगची पावती, व्हॉट्सॲपवरचे निरोप, बिल आणि खोलीचे फोटो एकत्र ठेवा. प्रकरण पुढे ग्राहक आयोगात गेलं, तर तिथे इलेक्ट्रॉनिक पुरावा देताना तो अस्सल असल्याचं भारतीय साक्ष्य अधिनियम, 2023 च्या कलम 63 खालचं प्रमाणपत्र लागू शकतं, म्हणून मूळ फोटो फोनमधून पुसू नका. तिथे असताना लेखी तक्रार दिली नसेल तर बाजू थोडी कमजोर होते, संपत नाही. मॅनेजरशी फोनवर बोलणं झालं असेल तर त्याचा सारांश आजच ईमेलने पाठवून ठेवा.

मग रिसॉर्टला स्पीड पोस्टाने आणि ईमेलने नोटीस द्या. तिच्यात बुकिंग क्रमांक, तारखा, काय कबूल केलं, काय मिळालं, प्रत्येक बाबीपुढे रक्कम आणि 15 दिवसांची मुदत एवढंच लिहा. ‘पूर्ण पैसे द्या’ असं एका ओळीत लिहिलेली नोटीस टिकत नाही. पॅकेज 24,000 रुपयांचं असेल तर त्यातले बोटीचे किती, एसीचे किती, हे वेगळं मांडा. मनस्तापाची भरपाई आणि तक्रारीचा खर्च त्याखाली स्वतंत्र लिहा. बुकिंग एखाद्या ॲपवरून झालं असेल तर त्यांनाही प्रत पाठवा.

उत्तर आलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला 1915 वर फोन करा. बरीच प्रकरणं तिथेच मिटतात. तेवढ्यानेही भागलं नाही तर सरकारच्या ई-जागृती पोर्टलवरून जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल करता येते. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 मुळे तुम्ही राहता त्या जिल्ह्यात, म्हणजे ठाण्यातच तक्रार करता येते, सिंधुदुर्गात जावं लागत नाही. दिलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. वकील सक्तीचा नाही. मुदत दोन वर्षांची आहे, पण थांबू नका.

आणि डिस्काउंटबद्दल: सवलत दिली म्हणून कबूल केलेल्या सोयी आपोआप रद्द होत नाहीत. तसं असेल तर ते बुकिंगच्या आधी लिहून द्यायला हवं होतं.

प्रश्न : दरड कोसळून घाट बंद झाला, आम्ही पोचूच शकलो नाही. पैसे परत मिळतील का?

उत्तर : हे बुकिंगच्या अटींवर ठरतं. यात रिसॉर्टचा दोष नसतो, त्यामुळे बहुतेक जण पैसे देत नाहीत, तारीख मात्र पुढे ढकलून देतात. निघण्यापूर्वी फोन करून पुढची तारीख लेखी मागा, घाट बंद असल्याची बातमी जोडा. चेक-इनची वेळ उलटून गेल्यावर कळवलं तर ‘नो-शो’ लागतो, म्हणजे न कळवता गैरहजर राहिल्याचं धरलं जातं. रेड अलर्ट असताना घाटात शिरू नये, पैसे गेले तरी चालतील.

प्रश्न : पुढच्या वर्षी पावसाळ्यातच जायचं आहे. बुकिंग करताना काय विचारावं?

उत्तर : खोली पहिल्या मजल्यावरची आणि शक्यतो पूर्वेकडे तोंड असलेली मागा, समुद्र व्हरांड्यातून बघता येतो. जनरेटरवर एसी चालतो का, आणि किती तास? पिण्याचं पाणी आरओचं की विहिरीचं? पावसात विहिरी गढूळतात आणि मुलांची पोटं आधी बिघडतात. पॅकेजातलं काय काय जुलैमध्ये बंद असतं, हे व्हॉट्सॲपवर लिहून घ्या. टाळाटाळ झाली तर दुसरं ठिकाण शोधा.

पोचल्यावर सामान उघडण्याआधी गादीचा कोपरा उचलून तळहाताने दाबून बघा, कपाटामागची भिंत बघा, एसी दहा मिनिटं लावून वास घ्या. खोली बदलून मागायची ती याच वेळी. मुक्कामात एसी 24-25 अंशांवर किंवा ‘ड्राय’वर ठेवा.

समुद्रात जून ते सप्टेंबर कमरेएवढ्या पाण्यातही उतरू नका, पोहता येत असलं तरी. गढूळ पाण्यातून चालणं झालं असेल आणि पुढच्या दोन-तीन आठवड्यांत कोणाला ताप आला, तर डॉक्टरांना कोकणात जाऊन आल्याचं आवर्जून सांगा. म्हणजे लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस, दूषित पाण्यातून होणारा ताप) तपासणी वेळेत होते. पायाला जखम असलेल्या मुलाला गमबूट घातल्याशिवाय बाहेर सोडू नका.