कोलाडला रविवारी राफ्टिंग? आधी पाण्याचं विचारा

तुम्ही लिहिलंय की येत्या रविवारी पुण्याहून सासू-सासरे आणि नऊ व पंधरा वर्षांची मुलं असे सगळे कोलाडला निघताय, सकाळी राफ्टिंग आणि दुपारी ट्यूबिंग (हवा भरलेल्या रबरी ट्यूबमध्ये बसून पाण्यावर तरंगत जाणं). बुकिंगवाला पूर्ण पैसे आगाऊ मागतोय, आणि पाणी किती वाजता सुटणार असं विचारलं की "ते आमच्यावर सोडा" म्हणतो. हे वाचल्यावर गप्प बसवेना. आम्हालाही हेच उत्तर मिळालं होतं आणि त्यात अख्खा दिवस गेला.

कपडे, टॉवेल, चष्म्याची दोरी वगैरे तुम्ही बघालच. मुद्दा पाण्याचा आहे. कोलाडजवळ कुंडलिका नदीच्या ज्या पट्ट्यात राफ्टिंग होतं, तो सोडलेल्या पाण्यावर चालतो. मुळशी तलावाचं पाणी सह्याद्रीच्या कड्यावरून मोठ्या पाइपांतून भिऱ्याच्या वीजघरात उतरतं, वीज तयार झाली की पुढे नदीला मिळतं. हे वीजघर १९२७ पासून चालू आहे, आणि धरण तेच, ज्याच्याविरुद्ध सेनापती बापट १९२१ मध्ये मुळशीच्या शेतकऱ्यांबरोबर उभे राहिले. (मुलांना गाडीत हे जरूर सांगा. ज्या पाण्यात आपण मजा करायला जातोय त्यासाठी गावं बुडाली आहेत.) तर, पाणी कधी आणि किती सुटणार हे विजेच्या गरजेवर ठरतं, राफ्टवाल्याच्या हातात काही नसतं. सहसा सकाळी सुटतं, म्हणून सगळे आठ-साडेआठलाच बोलावतात. रविवारी आणि सणावारी विजेची मागणी कमी असते, त्यामुळे पाणी उशिरा सुटणं, कमी सुटणं किंवा मुळीच न सुटणं यांतलं काहीही होऊ शकतं.

आम्ही ज्यांच्याकडे बुकिंग केलं होतं त्या ऑफिसला हे पक्कं माहीत होतं. नाव लिहीत नाही, पण शहरात बसून फोनवर गोड बोलणारी माणसं होती. दोनदा विचारलं, दोन्ही वेळा "पाणी शंभर टक्के आहे" असं सांगितलं. आम्ही पहाटे निघून वेळेत पोचलो, तर नदीत नुसते दगड. तिथला गाइड जवळच्याच गावातला, सरळ मुलगा होता. त्याने सांगितलं की उद्या पाण्याची खात्री नाही, असं नदीवरच्या लोकांनी आदल्या संध्याकाळीच ऑफिसला कळवलं होतं. ऑफिसने आम्हाला एक फोनही केला नाही. जेवायची वेळ झाल्यावर थोडं पाणी आलं, तेव्हा सकाळपासून खोळंबलेल्या दोन तुकड्या एकाच फेरीत कोंबायचं ठरलं. लहान मुलांना मोठ्यांची ढगळ जॅकेटं दिली आणि हेल्मेटं पुरत नव्हती. आम्ही बसायला नकार दिला. ऑफिसचं म्हणणं, तुम्ही स्वतःहून रद्द केलंत, पैसे परत मिळणार नाहीत. नंतर कितीतरी मेल केले, फोन केले. दर वेळी "वरिष्ठांशी बोलून कळवतो", आणि कळवलं कोणीच नाही. पैशांपेक्षा मला अजूनही राग येतो तो त्या न केलेल्या फोनचा. तो आला असता तर लहान-थोर माणसं पहाटे चारला उठून घाट उतरली नसती.

म्हणून माझं मत ठाम आहे, ते कोणाला टोकाचं वाटलं तरी चालेल. पूर्ण पैसे आगाऊ मागणाऱ्याकडे बुकिंग करू नका. थोडी रक्कम द्या, बाकी काठावर. पाणी सुटलं नाही तर पूर्ण परतावा किंवा दुसरी तारीख, हे व्हॉट्सॲपवर लिहून घ्या, कारण तोंडी शब्दाला पुढे कोणी विचारत नाही. शनिवारी संध्याकाळी ऑफिसशी नाही, प्रत्यक्ष नदीवर असणाऱ्या गाइडशी बोला. त्याचा नंबर द्यायला टाळाटाळ झाली तर तिथेच समजून जा. राज्याच्या २०२१ च्या साहसी पर्यटन धोरणानुसार पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी लागते, ती आहे का हेही बेधडक विचारा.

धाकट्याला राफ्टमध्ये नेऊ नका. बहुतेक ठिकाणी चौदाची अट असते आणि ती योग्यच आहे. "चालतंय हो, बसवू पुढे" म्हणणारा भेटला तर त्याच्याकडे मोठ्यालाही पाठवू नका. जॅकेटचे सगळे बकल लावल्यावर खांद्याशी धरून वर ओढून बघा. हनुवटीपर्यंत सरकलं तर दुसरं मागा. आणि पाण्यात पडलात तर उभं राहायची धडपड करायची नाही. तळच्या दगडांत पाय अडकला की प्रवाह माणसाला खाली दाबतो. पाठीवर तरंगायचं, पाय पुढे, पायांची बोटं पाण्याबाहेर. गाइड हे सांगतात, पण गडबडीत कोणी ऐकत नाही, म्हणून घरीच एकदा सांगून ठेवा.

ट्यूबिंगबद्दल मी जरा कडक आहे. ट्यूबला ना वल्हं ना सुकाणू, प्रवाह नेईल तिकडे ती जाते. काठाच्या झाडाच्या फांद्या पाण्यात वाकलेल्या असतील तर त्यांत माणूस अडकतो. त्यामुळे शांत, अडवलेल्या पाण्यात, जॅकेट घालून आणि गाइड पाण्यात असतानाच. धरणाखालच्या वाहत्या पट्ट्यात नाही, कारण पातळी बघता बघता वाढते. धाकट्याला आणि आजी-आजोबांना तेवढं पुरेसं आहे. मी काही प्रशिक्षित गाइड नाही, सासऱ्यांना रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारूनच ठरवा.

रस्त्याचं म्हणाल तर ताम्हिणी घाटाने उतरल्यावर विळे गावाच्या बाजूनेच राफ्टिंगची ठिकाणं लागतात, मुंबई-गोवा महामार्गापर्यंत जायची सहसा गरज पडत नाही. नेमकं लोकेशन आदल्या दिवशीच मागवा, घाटात रेंज जाते. मुलांना गाडी लागत असेल तर पहाटे पोटभर खाऊ घालू नका, केळं-बिस्किट पुरे. जोराचा पाऊस असेल तर घाट चालू आहे का ते बघूनच निघा.

आणि मोठ्याच्या शाळेला एखादी शनिवारची सुट्टी असेल तर रविवार सोडून तोच दिवस धरा. गर्दी थोडी कमी असते आणि पाण्याची शक्यताही जास्त.