ज्युदो म्हणजे कुस्तीचाच जपानी प्रकार का? त्याची तत्त्वं काय आहेत?

नातं जवळचं आहे, पण खेळ वेगळा. मी अकरा वर्षं ज्युदो करतोय. पहिला महिनाभर सरांनी मला एकही डाव दाखवला नाही, फक्त पडायला शिकवलं. हनुवटी छातीला लावायची, नजर आपल्याच पट्ट्याच्या गाठीवर ठेवायची आणि पाठ मॅटला टेकते त्याच क्षणी अख्खा हात सपाट आपटायचा. याला उकेमी म्हणतात. घरी पोचेपर्यंत तळहात लालबुंद असायचे. पुढे एका पावसाळ्यात जिन्यावरून पाय सटकला, तेव्हा हनुवटी आपसूक छातीला चिकटली आणि डोकं वाचलं.

ज्युदो घडवला जिगोरो कानो यांनी. अंगानं किरकोळ माणूस. जुजुत्सू या जपानी लढण्याच्या कलेच्या जुन्या घराण्यांत शिकून त्यांनी १८८२ मध्ये टोकियोतल्या एइशोजी मंदिरात बारा चटयांच्या जागेत कोदोकान ही शाळा सुरू केली. जिवावर बेतणारे डाव त्यांनी मोकळ्या सरावातून काढून टाकले, त्यामुळे उरलेले डाव पूर्ण ताकदीनिशी घोटता येऊ लागले.

त्यांचं पहिलं तत्त्व 'सेइर्योकु झेन्यो', म्हणजे ताकदीचा नेमका वापर. कानो हिशेब मांडून सांगत: समोरच्याची ताकद दहा, माझी सात. तो ढकलतोय आणि मी अडवतोय, तर मी हरणारच. पण तो जेवढा ढकलतो तेवढाच मी मागे सरलो, तर त्याचा तोल पुढे जातो. तोल गेलेल्या माणसाची ताकद तीनच उरते, माझी मात्र सातच राहते. म्हणून प्रत्येक डावाआधी तोल मोडायचा असतो, त्याला कुझुशी म्हणतात. नवखी मुलं हेच विसरतात आणि नुसती ओढाताण करत बसतात.

दुसरं तत्त्व 'जिता क्योएइ', दोघांचंही भलं. ऐकताना हे भाषणातलं वाटतं, पण मॅटवर ते हातात असतं. मी जोडीदाराला फेकतो तेव्हा त्याची बाही शेवटपर्यंत सोडत नाही, उलट किंचित वर खेचून धरतो. त्यामुळे तो डोक्यावर किंवा खांद्यावर न पडता नीट पाठीवर येतो. पुढच्या मिनिटाला तो माझी बाही तशीच धरणार असतो. ज्युदोतली मला सगळ्यात प्रिय गोष्ट हीच.

कुस्तीशी फरक म्हणाल तर मुख्य फरक कपड्याचा. लंगोटावरच्या उघड्या अंगाला पकड घेणं वेगळं आणि जाड सुती डगल्याची कॉलर व बाही धरणं वेगळं. इथे जोरात, वेगात आणि ताबा ठेवून पाठीवर फेकलं की इप्पोन, लढत तिथेच संपते. वीस सेकंद दाबून धरलं तरी इप्पोन. तालमीत घाम गाळलेल्यांना इथली पायांची चाल चटकन समजते, असा माझा अनुभव.

शिकायचं मनात असेल तर आधी एखादा वर्ग तासभर बाहेर बसून बघा. नव्या मुलांना पहिल्याच दिवशी फेकाफेकीला उभं करत असतील, तर दुसरा वर्ग शोधा.