फ्रीझ-ड्राईड जेवणाचे डबे भरून ठेवू का?

प्रश्न: नमस्कार ताई, आम्ही खारघरला बाराव्या मजल्यावर राहतो, घरात चौघं, सासूबाई 78 च्या आहेत. मिस्टरांनी ऑनलाईन फ्रीझ-ड्राईड जेवणाचे मोठे डबे बघितलेत, 25 वर्षं टिकतात म्हणे, सहा महिन्यांचा स्टॉक करून लॉफ्टवर टाकू म्हणतायत. किंमत बघून मला धडकीच भरली. घ्यावेत का?

उत्तर: सहा महिन्यांचा स्टॉक अजिबात नको, आणि लॉफ्टवर तर एक डबाही नको.

वस्तू वाईट नाहीये. अन्न आधी गोठवतात, मग मशिनमध्ये हवा काढून घेतात, त्यामुळे आतल्या बर्फाचं पाणी न होता थेट वाफ होऊन जाते, म्हणून चव बरीचशी तशीच राहते आणि वजन एकदम हलकं होतं. पण ते 25 वर्षं म्हणजे सीलबंद डबा, आत ऑक्सिजन शोषणारी पुडी आणि थंड कोरडी जागा असं सगळं जमलं तर. मे महिन्यात दुपारी तुमच्या लॉफ्टमध्ये हात घालून बघा, त्या उकाड्यात एवढी वर्षं कुठली टिकणार! आणि डबा एकदा फोडला की आपली पावसाळी हवा त्याला सोडत नाही. मटारचा दाणा बोटांत दाबला की कुर्रकन चुरला पाहिजे, तो चिवट लागला की समजा दमट झाला, तो ठेवायचा नाही.

मला खरी काळजी पाण्याची वाटते. हे जेवण खायचं तर पाणी घालावंच लागतं, आणि लाईट गेली की सोसायटीचा पंप बंद, म्हणजे बाराव्या मजल्यावर नळ कोरडा. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा ठाणे-कल्याणकडे पण किती घरं अंधारात होती ते जुन्या लोकांना विचारा. माणशी दिवसाला 4 लिटर पकडा, चौघांना तीन दिवसांचे 48 लिटर झाले, आधी ते झाकणाच्या कॅनमध्ये भरा आणि अधूनमधून बदलत रहा.

बाकी आपल्याकडे आगोटीची, म्हणजे पावसाळ्याआधीची, खरेदी होतेच की, तीच जरा वाढवा, वाशीच्या एपीएमसीतून तांदूळ, एरंडेल लावलेली तूरडाळ, आणि न शिजवता चालेल असं पोहे, मेतकूट, फुटाणे, राजगिऱ्याचे लाडू, रोजच्या वापरातलंच दोन आठवडे पुरेल एवढं जास्तीचं. शेंगदाणे मात्र थोडेच ठेवा, तेलामुळे खवट होतात.

मिस्टरांचं मन मोडायचं नसेल तर दोन-चार छोटी पाकिटं घ्या, एक आत्ताच भिजवून सासूबाईंना खायला द्या, दातांना झेपतंय का ते कळेल, आणि बीपी असेल तर मागे मीठ किती लिहिलंय ते वाचल्याशिवाय देऊ नका. पाकिटावर 'इतके सर्व्हिंग', म्हणजे इतक्या वाढण्या, लिहिलेलं असतं त्यावर जाऊ नका, कॅलरी बघा. पाकिटं कपाटात खालच्या कप्प्यात ठेवा, गॅसच्या वर नको.